घर्षण शिकवताना आधी दिशा शिकवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहावीला 'बल व बलाचे प्रकार' शिकवताना घर्षणाची व्याख्या मुलांची पाठ होते आणि फायद्या-तोट्यांचा तक्ताही वहीत उतरतो. पण समोरच्या एखाद्या गोष्टीत घर्षण नेमकं काय करतंय असं विचारलं की वर्ग गप्प बसतो. त्यातच एका मुलीने विचारलं, "बाई, घर्षण गतीला विरोध करतं, मग चालताना ते आपल्याला मदत कसं करतं?" शाळेत प्रयोगशाळा नाही, तर हे सगळं शिकवायचं कसं?

त्या मुलीचं आधी कौतुक करा. अख्ख्या धड्यातली खरी अडचण तिने बरोबर पकडली आहे. 'घर्षण गतीच्या विरुद्ध दिशेने कार्य करते' आणि 'घर्षणामुळे आपण चालू शकतो' ही दोन्ही वाक्यं मुलं एकाच तासाला लिहून घेतात. ती एकमेकांशी जुळत नाहीत हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण दोन्ही वाक्यं त्यांच्यासाठी फक्त पाठ करायची असतात. हिच्या लक्षात आलं, म्हणजे ती खरोखर विचार करतेय.

मी पाचवी ते नववीच्या मुलांना बरीच वर्षं विज्ञान शिकवत आलो आहे. माझं ठाम मत असं की फायदे-तोटे अगदी शेवटी घ्यावेत, वेळ नसेल तर सोडूनही द्यावेत. घर्षण हे बल आहे. बल म्हटलं की त्याला दिशा आली आणि परिमाण आलं. 'घर्षणामुळे ब्रेक लागतो, घर्षणामुळे टायर झिजतात' एवढ्यावर थांबलं तर मुलांना उदाहरणांची यादी मिळते, बल काही हाती लागत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून मुलांना एकच प्रश्न विचारायची सवय लावा: घर्षण नसतं, तर हा पृष्ठभाग त्या पृष्ठभागावरून कुठल्या बाजूला घसरला असता? ज्या बाजूला घसरला असता, त्याच्या उलट बाजूला घर्षणाचा बाण काढायचा. व्याख्येतला 'गतीला विरोध' हा शब्दप्रयोग बदलून 'दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला विरोध' असा करून घ्या. एवढा बदल केला तरी निम्मा गोंधळ मिटतो.

आता तिचा चालण्याचा प्रश्न. मुलांना वर्गात एकेक पाऊल अगदी सावकाश टाकायला लावा आणि मागच्या पायाकडे बघायला सांगा. पुढे जाताना मागचा पाय जमिनीला मागे रेटतो. जमिनीवर साबणाचं पाणी असतं तर तो पाय मागे सटकला असता. म्हणून त्या पायावरचं घर्षण पुढच्या दिशेने आहे, आणि शरीराला पुढे ढकलणारं बाहेरचं बल तेच. आता पुढे टाकलेल्या पायाची टाच बघा. ती जमिनीला टेकते तेव्हा तिचा कल पुढे सटकण्याकडे असतो, त्यामुळे तिथलं घर्षण मागच्या दिशेने. एकाच पावलात घर्षणाचा बाण आधी मागे आणि मग पुढे असा बदलतो. न्हाणीघरात किंवा शेवाळलेल्या पायरीवर माणूस बहुधा पाठीवर का आपटतो, तेही यातून कळतं. टाच पुढे सटकते आणि धड मागे राहतं. हे उदाहरण मुलांनी घरी पाहिलेलं असतं, त्यामुळे लगेच पटतं.

पण नुसतं सांगून भागत नाही. घर्षण गाडीला पुढे ढकलतं हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे. त्यासाठी मागे ओढून सोडायची एक खेळण्यातली गाडी, एक पातळ पुठ्ठा आणि सातआठ गोल पेन्सिली एवढंच लागतं. (षटकोनी पेन्सिली नकोत, त्या अडतात. पेन्सिली नसतील तर रिफिल काढलेली गोल पेनं चालतात.) पेन्सिली गुळगुळीत टेबलावर समांतर ठेवा, वर पुठ्ठा ठेवा, पुठ्ठ्यावर गाडी. आधी पुठ्ठा हाताने घट्ट धरून गाडी सोडा, ती नेहमीसारखी पुढे पळेल. मग पुठ्ठा मोकळा ठेवून सोडा. आता पुठ्ठा मागे पळतो आणि गाडी पहिल्याइतकी पुढे जात नाही. मुलं ओरडतातच. तेव्हा घाई न करता विचारा की पुठ्ठ्याला मागे कोणी ढकललं. चाकांनी. चाकांनी पुठ्ठ्याला मागे ढकललं, तर पुठ्ठ्याने चाकांना कुठे ढकललं? पुढे. रस्ता मागे पळू शकत नाही, म्हणून रस्त्यावर आपल्याला फक्त गाडीच पळताना दिसते. तुमच्या त्या मुलीलाच हा प्रयोग करायला बोलवा.

सायकल आवडणारी मुलं वर्गात असतील तर पुढे जाता येतं. पॅडल मारताना मागच्या चाकावरचं घर्षण पुढच्या दिशेने असतं. पुढचं चाक मात्र सायकलमुळे नुसतं पुढे ढकललं जातं. ते रस्त्यावरून फरपटत गेलं असतं, पण घर्षण त्याला मागे धरतं आणि म्हणून ते फिरायला लागतं. एकाच सायकलीला दोन चाकं, दोन विरुद्ध बाण. सहावीला हे थोडं जड जातं. सातवी-आठवीला नक्की घ्या.

दुसरा मोठा गैरसमज असा की काहीतरी हलत असेल तरच घर्षण असतं. खरं तर आपल्या आयुष्यातलं बरंचसं घर्षण न हलणाऱ्या गोष्टींत असतं. भरलेला तांब्या हातात उभा धरला आहे. तो पडत नाही, कारण बोटांवरून खाली घसरू पाहणाऱ्या तांब्यावर घर्षण वरच्या दिशेने आहे आणि ते त्याच्या वजनाएवढंच आहे. तांब्यात आणखी पाणी ओता, घर्षण तेवढं वाढेल. त्याला मर्यादा आहे. ती मर्यादा वाढवण्यासाठीच आपण नकळत बोटं जास्त आवळतो. भिंतीत ठोकलेला खिळा, दोरीची गाठ, शर्टाचं शिवलेलं बटण, उतारावर उभी केलेली बैलगाडी या सगळ्यांत स्थितिक, म्हणजे न घसरणाऱ्या पृष्ठभागांमधलं, घर्षण आहे. ते 'इतकं असतं' असं म्हणणं चुकीचं आहे. जेवढं लागेल तेवढं ते येतं, फक्त कमाल मर्यादेपर्यंत.

हे हाताला जाणवून देण्यासाठी जड बाक ढकलायला लावा. आधी एका बोटाने, मग एका हाताने, मग दोन्ही हातांनी. बाक हलत नाही तोवर प्रत्येक वेळी विचारा, "आत्ता घर्षण किती?" पहिल्या वेळी मुलं सर्रास म्हणतात, "ढकलण्यापेक्षा जास्त, म्हणून तर हलत नाही." इथे थांबा. जास्त असतं तर बाक तुमच्याकडे सरकला असता! हा युक्तिवाद मुलांना मनापासून आवडतो, आणि घर्षण तुमच्या जोराइतकंच आहे हे त्यांचं त्यांनाच सापडतं. शेवटी बाक सुटतो तेव्हा तो झटक्याने सुटतो आणि नंतर सरकवत ठेवायला कमी जोर लागतो. स्थितिक आणि गतिक (म्हणजे सरकत असतानाच्या) घर्षणातला फरक इथे हाताला कळतो. नावं त्यानंतर द्या.

याच ठिकाणी मी नेहमी झाडू वापरतो, आणि त्यासाठी अर्धा तास दिला तरी वाया जात नाही. लांब दांड्याचा झाडू दोन्ही हातांच्या तर्जनींवर आडवा ठेवा, बोटं दोन टोकांना. डोळे मिटा आणि बोटं सावकाश एकमेकांकडे आणा. मुलांना वाटतं झाडू जड बाजूला पडणार. तो पडत नाही. आधी एक बोट सरकतं आणि दुसरं जागीच थांबतं. मग पहिलं थांबतं, दुसरं सरकू लागतं. असं आळीपाळीने चालतं आणि शेवटी दोन्ही बोटं झाडूच्या तोलाच्या बिंदूपाशी येऊन भेटतात. कितीही वेळा करा, बिंदू तोच. एखादा मुलगा मुद्दाम एकच बोट हलवायचा प्रयत्न करतो, तेव्हाही ठरावीक अंतरानंतर न हलवलेल्या बोटावरून दांडा सरकायला लागतो.

का होतं असं? जे बोट तोलाच्या बिंदूच्या जवळ असतं, त्याच्यावर वजनाचा जास्त वाटा येतो. वजन जास्त, म्हणून घर्षण जास्त, म्हणून ते बोट अडतं. लांबच्या बोटावर भार कमी असतो, ते सरकतं. सरकता सरकता ते जवळ येतं, त्याच्यावरचा भार वाढतो आणि घर्षणही वाढतं. पण एक गंमत लक्षात येते का बघा. दोन्ही बोटं बिंदूपासून सारख्या अंतरावर आली की लगेच अदलाबदल होत नाही. सरकणारं बोट त्याच्याही थोडं पुढे जातं, कारण सरकत्या बोटावर गतिक घर्षण आहे आणि थांबलेल्या बोटाची स्थितिक मर्यादा त्याहून मोठी आहे. भार, घर्षण आणि दोन्ही प्रकारांतला फरक, सगळं एका झाडूत आलं. शेजारी तेवढ्याच लांबीची साधी काठी ठेवा, तिचा बिंदू मध्यभागी येतो. झाडूचा बिंदू बुंध्याकडे का आला, हे मुलांना सांगू द्या.

आता मोजमाप. ताणकाटा (बल मोजायचा स्प्रिंगचा काटा) नसेल तर रबरबँडचा करा. रबरबँड खिळ्याला अडकवा, खाली पिशवी, पिशवीत १०० ग्रॅम वजन टाकत जा आणि मागे चिकटवलेल्या पट्टीवर खुणा करा. १०० ग्रॅम म्हणजे जवळजवळ १ न्यूटन. पण मला विचाराल तर घर्षण मोजायला त्याहून सोपी आणि खात्रीची गोष्ट म्हणजे उतरती फळी. साधारण मीटरभर लांब फळी घ्या, एका टोकाला वस्तू ठेवा आणि ते टोक हळूहळू उचला. वस्तू घसरायला लागली की थांबा. उचललेल्या टोकाची उंची मोजा, आणि त्या टोकाच्या बरोबर खालपासून टेकलेल्या टोकापर्यंतचं जमिनीवरचं आडवं अंतर मोजा. उंचीला आडव्या अंतराने भागा. उंची ३० सेंमी आणि अंतर ९० सेंमी असेल तर ०.३३. हा त्या दोन पृष्ठभागांचा स्थितिक घर्षणांक. सहावीच्या मुलांना 'घर्षणांक' हा शब्दही सांगायची गरज नाही, 'घसरण-आकडा' म्हटलं तरी चालतं.

या फळीवर दोन गोष्टी करून घ्याच. पहिली, कंपास पेटी रिकामी ठेवून घसरण-आकडा काढा आणि मग तीच पेटी गोट्यांनी भरून काढा. प्रयोगाआधी फळ्यावर अंदाज मांडायला लावा. बहुतेक मुलं म्हणतील, जड पेटी लवकर घसरेल. काही म्हणतील, उशिरा. आकडा जवळजवळ तोच येतो. भार वाढला की खाली खेचणारं बल वाढतं, पण फळीवरचा दाबही त्याच प्रमाणात वाढतो आणि त्याबरोबर घर्षणही. दुसरी, साबणाची नवी वडी तिच्या पुठ्ठ्याच्या डबीसकट घ्या. आधी पसरट बाजूवर ठेवून आकडा काढा, मग ती लांब कडेवर उभी करून. सगळ्या बाजूंना कागद तोच आहे, फक्त टेकणारं क्षेत्रफळ बदललं. आकडा पुन्हा जवळजवळ तोच. यावर मुलंच काय, मोठी माणसंही वाद घालतात, आणि घालू द्या.

हा वाद जुना आहे. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वह्यांमध्ये ठोकळे वेगवेगळ्या बाजूंवर ठेवून ओढण्याची चित्रं काढली होती, पण ती छापली गेली नाहीत. फ्रान्समध्ये गियोम आमोंतों याने १६९९ मध्ये हेच नियम पुन्हा मांडले: घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं आणि दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. पुढे कूलों या फ्रेंच अभियंत्याने रोशफोरच्या जहाजबांधणीच्या गोदीत लाकूड, दोर, धातू यांवर कसून प्रयोग केले आणि १७८५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मुलांना हा काळाचा पल्ला जरूर सांगा. आपण साबणाच्या डबीवर जे पाहिलं, ते माणसांना पटायला दोन शतकांहून जास्त काळ लागला.

क्षेत्रफळाचा फरक का पडत नाही, याचं उत्तर नववीच्या मुलांना देता येतं. कुठलाही पृष्ठभाग बारकाईने पाहिला तर उंचसखल असतो, आणि दोन पृष्ठभाग फक्त काही टोकांवर टेकतात. केंब्रिजचे शास्त्रज्ञ बाउडन आणि टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात हे मांडलं. बाउडन यांनी म्हटलं होतं की दोन घन वस्तू एकमेकांवर ठेवणं म्हणजे स्वित्झर्लंड उलटा करून ऑस्ट्रियावर ठेवण्यासारखं आहे. खरा स्पर्श अगदी थोड्या ठिकाणी होतो. भार वाढला की ती टोकं दबतात आणि खरा स्पर्श वाढतो. डबी पसरट ठेवली तर टोकं जास्त पण प्रत्येकावर भार कमी, उभी ठेवली तर टोकं कमी पण भार जास्त. हिशोब तोच राहतो. रबर आणि त्वचा यांसारख्या मऊ गोष्टी मात्र हा नियम काटेकोर पाळत नाहीत, म्हणून रबरी सोलचे आकडे थोडे इकडेतिकडे झाले तर मुलांना दटावू नका.

'खडबडीत म्हणजे जास्त घर्षण, गुळगुळीत म्हणजे कमी' हेही वाक्य अर्धंच खरं आहे. काचेचे दोन स्वच्छ, सपाट तुकडे एकमेकांवर घट्ट चिकटून बसतात. धातूचे अगदी स्वच्छ पृष्ठभाग हवा नसलेल्या ठिकाणी एकमेकांना जोडलेही जातात, अंतराळयान बनवणाऱ्यांना याची काळजी घ्यावी लागते. खडबडीतपणा उपयोगी पडतो तो दाण्याला धरून ठेवण्यासाठी. त्याचं उदाहरण घरातच आहे. जातं किंवा पाटा-वरवंटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की वाटण नीट होत नाही, दाणा नुसता घरंगळतो. मग टाकी लावणाऱ्याला बोलवायचं. तो छिन्नी-हातोडीने दगडावर बारीक बारीक खाचा पाडतो. पिठाच्या गिरणीतल्या दगडांनाही अशीच टाकी लावावी लागते, आणि टाकी लावल्यावरचं पहिलं दळण कचकच लागतं म्हणून आपलं देऊ नये, हे आजी सांगते. मुलांना घरी जाऊन आजीला किंवा गिरणीवाल्या काकांना विचारायला सांगा: किती दिवसांनी टाकी लावता, नाही लावली तर काय होतं, पीठ गरम का होतं? पुस्तकातल्या कुठल्याही स्वाध्यायापेक्षा ही मुलाखत जास्त शिकवून जाते. ती वहीत लिहून आणायला लावा.

पाणी किंवा तेल लावलं की घर्षण कमी, हेही मुलं सूत्रासारखं म्हणतात. त्यावर ताटलीभर वाळू पुरते. कोरड्या वाळूवरून लाकडाचा ठोकळा ओढा, त्याच्यासमोर वाळूचा ढीग साचतो आणि ओढायला जोर लागतो. वाळू थोडी ओली करून थापा, ठोकळा सहज सरकतो. आणखी पाणी ओतून चिखल करा, पुन्हा जड जातं. इजिप्तमध्ये देर अल्-बर्शा इथे जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुमारे ३९०० वर्षांपूर्वीचं एक चित्र होतं. त्यात अनेक माणसं घसरगाडीवरचा प्रचंड पुतळा ओढताहेत आणि गाडीच्या पुढच्या टोकावर उभा असलेला एक जण वाळूवर पाणी ओततोय. बराच काळ अभ्यासक त्याला धार्मिक विधी समजत होते. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की वाळूत पाणी योग्य प्रमाणात असेल तर ओढायला लागणारं बल जवळजवळ निम्मं होतं. आधी ताटलीतला प्रयोग, मग हे चित्र, असा क्रम ठेवा. उलट केलं तर मजा जाते.

तेलाचं आपल्याकडचं उदाहरण मल्लखांबाचं. मल्लखांबाला एरंडेल तेल चोळतात. मुलांना विचारा, घसरायचं नाही तर तेल कशाला? कोरड्या लाकडावर अंग घासून सोलवटून निघेल आणि फिरताना शरीर अडेल. तेलाने घर्षण इतकंच कमी होतं की फिरता येतं, आणि मांड्यांनी आवळून धरलं की पकडही मिळते. म्हणजे घर्षण जास्त हवं की कमी हवं, असा सरधोपट प्रश्न कामाचा नाही. किती हवं, कुठल्या क्षणी हवं, हा प्रश्न विचारायचा. कॅरमवर बोरिक पावडर टाकणारा मुलगाही हेच करत असतो. जास्त टाकली तर सोंगटी थांबतच नाही, हे त्याला आपण सांगावं लागत नाही.

रेल्वेचं उदाहरण मी कधीच चुकवत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरताना लोटण घर्षण फारच कमी, म्हणून एक इंजिन एवढे डबे ओढतं. पण त्याच गुळगुळीतपणामुळे चढावर चाक जागच्या जागी फिरण्याचा धोका असतो. बोर घाटात आणि कसारा घाटात चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात, ती लोणावळ्यापर्यंत मागून ढकलतात. इंजिनाला वाळूच्या पेट्याही असतात. रूळ ओले किंवा निसरडे असले की चाकापुढे रुळावर वाळू सोडली जाते. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीवर तर इंजिनाच्या पुढे बसून माणसं हाताने रुळावर वाळू टाकत आली आहेत. इथे पुन्हा बाण काढायला लावा. इंजिनाच्या चाकावरचं घर्षण पुढे, डब्यांच्या चाकांवरचं मागे.

ब्रेकबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो रस्ता. रस्ता निसरडा असेल तर ब्रेक कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. चाक पूर्ण अडलं आणि टायर घसरू लागला की गतिक घर्षण लागू होतं आणि ते स्थितिकपेक्षा कमी असतं, शिवाय गाडीची दिशाही हातात राहत नाही. चाक अडू न देणारी एबीएस यंत्रणा याच कारणासाठी आहे, आणि २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना ती सक्तीची आहे. आठवी-नववीला आकडेही द्या. कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक ०.७ धरला, तर ताशी ३० किमी वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर साधारण ५ मीटरमध्ये थांबते आणि ६० किमी वेगाने जाणारी साधारण २० मीटरमध्ये. वेग दुप्पट, अंतर चौपट. पावसाने घर्षणांक ०.४ वर आला तर तेच २० मीटर ३५ मीटर होतात. यात ब्रेक दाबायला सुचेपर्यंत कापलेलं अंतर धरलेलंच नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ ओली होऊन सगळ्यात जास्त घसरतं. जून महिन्यात शाळा सुरू होताच हा धडा घेता आला तर फार चांगलं.

हवेचा आणि पाण्याचा रोध याच तासात कोंबू नका. त्याचे नियम वेगळे आहेत, तो वेगाबरोबर वाढतो, आकारावर अवलंबून असतो. मुलं लगेच दोन्ही एकत्र करतात. आणि उल्का हवेच्या घर्षणाने पेटते असं सरसकट सांगू नका. तिच्यासमोरची हवा अतिशय वेगाने दाबली जाऊन तापते, ती उष्णता जास्त असते.

वेळ उरला तर दोन शंभर पानी वह्या घ्या, एकीचं एक पान, त्यावर दुसरीचं एक, अशी सगळी पानं एकमेकांत घाला आणि दोन दांडगी मुलं दोन्ही बाजूंनी ओढू द्यात. वह्या सुटत नाहीत. ओढताना पानं तिरपी ताणली जाऊन एकमेकांवर दाबली जातात, आणि जितकं ओढाल तितका दाब वाढतो. बांधणी उसवेल, म्हणून जुन्या वह्या घ्या.

चाचणीत 'घर्षणाचे चार फायदे लिहा' हा प्रश्न ठेवूच नका. चित्रं द्या आणि बाण काढायला सांगा: भिंतीला टेकवलेल्या शिडीचा खालचा पाय, चढावर उभी असलेली रिक्षा, हाताने धरलेली पेन्सिल, ब्रेक लावलेल्या बसमध्ये उभा असलेला माणूस, बसच्या टपावर ठेवलेलं पोतं. प्रत्येक बाणाखाली एक ओळ: 'घर्षण नसतं तर ... कडे घसरलं असतं.' पोत्याच्या चित्रात बस वेग घेतेय असं लिहा. बस पुढे जाते, पोतंही बसबरोबर पुढेच जातं, मग बाण कुठे? उत्तर पुढे असं आहे, आणि ते कारणासकट लिहिणारी मुलं किती निघतात ते मला जरूर कळवा. पुढच्या वेळी आठवीसाठी उतरत्या फळीचा हिशोब सविस्तर लिहीन.